मोटारीच्या इंजिनातील पट्टा : दोषनिदानाच्या ज्ञानाचा एक इतिहास

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः शोधक, कारखानदार आणि बाजारात आलेली नवी प्रारूपे यांच्याकडे जाते. गाडी रस्त्यावर आल्यानंतर ती कशामुळे बंद पडत असे, आणि बंद पडल्यावर दोष कोण व कोणत्या खुणेवरून ओळखत असे, हा प्रश्न इतिहासाचा नसून गॅरेजचा आहे असे मानण्याकडे कल दिसतो. डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात देखभाल व दुरुस्तीला तंत्रज्ञानाच्या इतिहासात मध्यवर्ती स्थान देण्याचा आग्रह धरला. केव्हिन बोर्ग यांनी २००७ साली अमेरिकेतील मोटार मेकॅनिकांच्या कौशल्याचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. मराठीतूनही या अंगाने विचार व्हावा, या हेतूने प्रस्तुत लेखात इंजिनाचा एक अगदी क्षुल्लक वाटणारा भाग मुद्दाम निवडला आहे. तो भाग म्हणजे पट्टा.

इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, फिरू लागला की त्याच्या पुढच्या टोकावरील पुलीवरून (कप्पीवरून) एक पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि वीज निर्माण करणारा डायनमो यांना फिरवतो. पुढील काळात याहून वेगळ्या जातीचा, दातेरी पट्टा आला. तो इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या कॅमशाफ्टला फिरवतो. या दोन्ही पट्ट्यांचे आयुष्य विसाव्या शतकात सातत्याने वाढत गेले. ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु प्रत्येक सुधारणेबरोबर पट्ट्याचा दोष ओळखण्याची खूण मात्र पुसट होत गेली, आणि पट्टा बदलावा की नाही हे ठरवण्याचा अधिकार गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडून कारखान्याने छापलेल्या पुस्तिकेकडे गेला. हे स्थित्यंतर कसे घडले, याचा शोध येथे घेतला आहे.

चामड्याचा पट्टा

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीत इंजिनाची शक्ती प्रथम चामड्याच्या सपाट पट्ट्याने मधल्या दांड्याकडे जात असे व तेथून साखळ्यांनी मागील चाकांकडे. पट्टा मोकळ्या पुलीवरून पक्क्या पुलीवर सरकवला की गाडी चालू लागे. म्हणजे आज क्लच करतो ते काम तेथे पट्टाच करीत होता. ही रचना बेंझ यांनी शून्यातून निर्माण केलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही कारखान्यात छताखालून जाणारा लांब दांडा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडे उतरणारे चामड्याचे पट्टे हेच दृश्य असे. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांनाही ते परिचित होते. मोटारीने कारखान्यातील पट्टा उचलला, तसे त्या पट्ट्याविषयीचे ज्ञानही उचलले.

हे ज्ञान दोन प्रकारचे होते. एक गणिती. पुलीभोवती गुंडाळलेला दोर किंवा पट्टा घसरण्यापूर्वी किती ताण पेलू शकेल, याचे सूत्र अठराव्या शतकात ऑयलर यांनी आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आयटेलवाइन यांनी मांडले. पट्टा पुलीला जितका अधिक वेढा घालील तितकी त्याची पकड वाढते, आणि ती वाढ साध्या प्रमाणात नसून घातांकी असते. बंदरातील खुंट्याला दोराचे दोन-तीन वेढे देऊन एकटा खलाशी मोठे गलबत धरून ठेवतो ते याच नियमाने. दुसरे ज्ञान हाताचे होते. चामडे दमट हवेत सैल पडते, कोरड्या हवेत आवळते, तेलाने घसरते. म्हणून पट्टा ऋतूप्रमाणे ताणावा लागे. तो तुटला तर टोके वादीने शिवून किंवा लोखंडी कड्या मारून जोडता येत. सपाट पट्ट्याची ही दुरुस्तीयोग्यता पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

चालत्या पट्ट्याशी झटणे धोक्याचे असते, हेही गिरण्यांनीच शिकवले. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २२ मध्ये चालू यंत्रावर पट्टा चढवणे किंवा सरकवणे यांसारखी कामे खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच, आणि तीही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करावीत, अशी तरतूद करण्यात आली होती. कायद्याच्या या कोरड्या वाक्यामागे किती जणांच्या बाह्या आणि बोटे असतील याची कल्पना करता येते. गॅरेजमध्ये मात्र असा कायदा कोणी वाचून दाखवीत नव्हते. इंजिन बंद केल्याखेरीज पट्ट्याला हात लावू नये, हा तेथील नियम उस्तादाच्या एका फटक्यातून शिष्याकडे जात असे.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पंखा सपाट पट्ट्यानेच फिरे. त्या गाडीत पाणी बहुधा उष्णतेच्या जोरावरच फिरत असे आणि ठिणगीसाठीचा मॅग्नेटो फ्लायव्हीलमध्ये होता. त्यामुळे पट्टा तुटला तरी केवळ पंखा थांबे. गाडी गरम होई, पण घरी पोहोचे. पट्ट्याचा दोष ही अजून आपत्ती झालेली नव्हती.

व्ही-पट्टा आणि अंगठ्याची परीक्षा

विजेचे दिवे, विजेवर चालणारा स्टार्टर आणि त्यासाठी डायनमो व बॅटरी गाडीत आल्यावर पट्ट्यावरील भार वाढला आणि सपाट पट्टा अपुरा पडू लागला. रबर व कापड यांचा, आडवा छेद पाचरीसारखा असणारा व्ही-पट्टा १९१७ साली तयार करण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील डेन्व्हर येथील जॉन गेट्स यांना दिले जाते. त्यांनी १९११ साली विकत घेतलेली कंपनी मुळात टायरांवर चढवण्याची चामडी आवरणे करीत असे. चामड्याच्या धंद्यातून रबराचा पट्टा जन्माला यावा, हा योगायोग मोठा सूचक आहे.

व्ही-पट्टा पुलीच्या तळावर टेकत नाही. तो खाचेच्या दोन तिरप्या भिंतींमध्ये रुतून बसतो. भिंतींमधील कोन साधारण ३४ ते ३८ अंशांचा असल्याने तेवढ्याच ताणात पकड सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होते. म्हणून हा पट्टा अरुंद, आखूड आणि कमी ताणाचा असूनही डायनमो, पंप व पंखा यांना एकत्र फिरवू शकला. १९३० च्या दशकापासून निओप्रीनसारखी कृत्रिम रबरे उपलब्ध झाली, त्यांमुळे तेल व उष्णता यांना तोंड देण्याची त्याची ताकदही वाढली. मात्र एक गोष्ट गेली. हा पट्टा अखंड वलयाच्या रूपात घडवलेला असल्याने तुटल्यावर तो शिवता येत नव्हता. बदलणे हाच उपाय उरला, आणि 'जवळ जादा फॅन बेल्ट असू द्या' हा प्रवासाचा शिरस्ता होऊन बसला. तो नसेल तर काय, या प्रश्नाला पाश्चात्त्य देशांत बायकांच्या नायलॉनच्या लांब मोज्यांचे उत्तर दिले जाई. आपल्याकडे हाताला येईल तो दोर किंवा ट्यूबची पट्टी पुढे येई. अशा तोडग्यांवर काही किलोमीटर कापता येत, फार नाही.

दोषनिदानाच्या दृष्टीने पाहता व्ही-पट्ट्याचा काळ सर्वांत समृद्ध होता. पट्टा उघड्यावर होता, हाताला लागत होता, आणि त्याचा प्रत्येक दोष काही तरी बोलत होता. दोन पुलींमधील सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबले असता तो साधारण अर्धा इंच, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर खाली जावा, हे माप अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत छापलेले असे. पण मेकॅनिकला ते वाचावे लागत नसे. पट्टा याहून सैल असेल तर घसरतो, घसरला की त्याच्या कडा तापून काचेसारख्या चकचकीत होतात, आणि चकचकीत झालेला पट्टा ताण वाढवूनही पुन्हा पूर्वीसारखा धरत नाही. उलट तो फार आवळला तर डायनमोचे किंवा पाण्याच्या पंपाचे बेअरिंग जाते. या दुसऱ्या चुकीचे मूळ शोधणे अवघड असते, कारण बेअरिंग कुरकुरू लागेपर्यंत पट्टा आवळणारा माणूस निघून गेलेला असतो. नवशिक्या आणि जाणता यांच्यातील फरक येथे दिसे. नवशिका सैल पट्टा ओळखे. जाणता मेकॅनिक आवळलेला पट्टा ओळखे.

आवाजाची परिभाषा तर याहून सूक्ष्म होती. सकाळी गाडी चालू करताच किंवा दिवे लावताच उठणारी लांब किंचाळी म्हणजे पट्टा भाराखाली घसरतो आहे. पाखराच्या चिवचिवीसारखा, इंजिनाच्या गतीबरोबर जलद होणारा तुटक आवाज म्हणजे पुली एका रेषेत नाहीत. दोहोंतील भेद पक्का करण्यासाठी पट्ट्याच्या खाचदार अंगावर थोडे पाणी शिंपडण्याची युक्ती वापरली जाई, ती आजही वापरली जाते. पाणी पडताच आवाज क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला तर दोष रेषेचा. आवाज वाढला तर दोष ताणाचा. येथे पाण्याचा थेंब हेच उपकरण आहे आणि कान हा त्याचा मापक. वाहनातील आवाज ऐकण्याचा इतिहास कॅरिन बायस्टरवेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'साउंड अँड सेफ' (२०१४) या ग्रंथात मांडला आहे. त्यात इंजिन ऐकून दोष सांगण्याचा अधिकार गाडीच्या मालकाकडून मेकॅनिककडे कसा सरकला, याची चर्चा येते. आपल्याकडे गाडी चालवणारा आणि गाडीचा मालक हे बहुधा वेगवेगळे असल्याने हा प्रवास तसाच झाला असे म्हणता येणार नाही. येथे ऐकणारा प्रथमपासून ड्रायव्हर होता, आणि चांगल्या ड्रायव्हरने निम्मा मेकॅनिक असावे अशी अपेक्षा होती.

भारतात हा काळ दीर्घ चालला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी या नावाने तीच गाडी बाहेर पडत राहिली. उत्तरपाऱ्याहून ॲम्बॅसिडर येत राहिली. या गाड्यांच्या इंजिनांत कॅमशाफ्ट साखळीने फिरे आणि बाहेर एक व्ही-पट्टा असे. गाडीचे रूप दशकानुदशके फारसे न बदलल्यामुळे तिच्या दोषांचे ज्ञानही साचत गेले. एका पिढीच्या कानांना जे समजले ते पुढच्या पिढीच्या कामी येत राहिले. बोरघाट चढताना तापमानाचा काटा वर जाऊ लागला की पट्टा, पाणी आणि रेडिएटर यांपैकी कोणाचा दोष, हे बॉनेट उघडण्यापूर्वीच सांगणारे ड्रायव्हर होते. मक्तेदारीच्या अर्थव्यवस्थेचे तोटे पुष्कळ सांगितले गेले आहेत आणि ते खरेही आहेत. परंतु दुरुस्तीचे ज्ञान स्थिर राहण्यास तिने हातभार लावला, हे नोंदवणे आवश्यक वाटते.

शब्दांतही या काळाचा ठसा राहिला. पुढील काळात बहुतेक मोटारींचा पंखा स्वतंत्र विजेच्या मोटरवर गेला, तरी बाहेरच्या पट्ट्याला अनेक जण फॅन बेल्टच म्हणत राहिले. अल्टरनेटर आल्यावरही गॅरेजमध्ये डायनमो हा शब्द टिकला.

दातेरी पट्टा : खुणेवाचून दोष

दाते असलेला, न घसरणारा पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड केस यांनी शिवणयंत्रासाठी विकसित केला. सुईची आणि खालच्या धाग्याची चाल एकमेकांशी तंतोतंत जुळावी, ही तेथील गरज होती. इंजिनातही नेमकी तीच गरज असते, कारण क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी व्हावी लागते. जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६२ च्या आपल्या १००४ या गाडीत हे काम साखळीऐवजी दातेरी पट्ट्याला दिले. पूर्वी फेरारीत काम केलेले ऑरेलिओ लांप्रेदी यांनी फियाटसाठी रचलेल्या दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात १९६६ साली हाच पट्टा आला, आणि त्याच सुमारास अमेरिकेत पाँटियाकनेही तो स्वीकारला. पट्टा साखळीपेक्षा स्वस्त, हलका व शांत होता. त्याला तेलही नको होते.

हा शांतपणाच निदानाच्या मुळावर आला. साखळी सैल झाली की खडखडते. महिनोन् महिने खडखडून ती आपल्या मरणाची सूचना देते. दातेरी पट्टा प्लॅस्टिकच्या झाकणाआड असतो, आवाज करीत नाही, आणि बहुधा काहीही न सांगता तुटतो किंवा त्याचे दाते सोलून निघतात. ज्या इंजिनात उघडी झडप आणि वर आलेला दट्ट्या एकमेकांच्या वाटेत येतात, तेथे पट्टा तुटताच झडपा वाकतात, आणि काही हजारांचे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते. डिझेल इंजिनात दट्ट्या आणि झडप यांच्यात जागा इतकी थोडी असते की तेथे हा धोका जवळजवळ अटळ ठरतो.

तुटल्यानंतरचे निदान मात्र सोपे होते, आणि जुन्या कानाला तेथे अजून वाव होता. स्टार्टर मारला असता इंजिन नेहमीपेक्षा हलके व एकसुरी फिरते, कारण झडपा थांबल्याने हवा दाबली जात नाही. ज्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवरून फिरे, त्यात त्याचे झाकण काढून आतला रोटर फिरतो का एवढे पाहिले की शंका फिटत असे. परंतु हे शवविच्छेदन झाले. पट्टा जिवंत असताना त्याची अवस्था सांगणारी विश्वासार्ह खूण नव्हती, म्हणून कारखान्यांनी किलोमीटर आणि वर्षे यांचे कोष्टक दिले. पट्टा कसाही दिसो, ठरलेल्या अंतरावर बदलायचा. सोबत टेन्शनर आणि पट्ट्यावरच चालत असल्यास पाण्याचा पंपही बदलायचा, कारण त्यांपैकी एखाद्याचे बेअरिंग अडकले की नवा पट्टाही जातो.

भारतात हा पट्टा सर्वसामान्य घरांपर्यंत पोहोचवला तो डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने. १९९८ साली पुण्यात घडलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनातही तो होता. फियाट-ॲम्बॅसिडरवर हात बसलेल्या मेकॅनिकला हा बदल केवळ नव्या भागाचा नव्हता. 'चालते आहे ना, मग कशाला उघडायचे' हे आतापर्यंतचे शहाणपण होते, आणि व्ही-पट्ट्याच्या जगात ते बरोबरही होते. नव्या पट्ट्याने ते चुकीचे ठरवले. चांगला दिसणारा, चालता पट्टा काढून टाका असे गिऱ्हाइकाला सांगणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाच्या नजरेत पैसे काढणारा ठरे. न सांगणारा पुढे इंजिन बसल्यावर अडाणी ठरे. दोहोंकडून त्याचीच पत जात होती. मेकॅनिक आणि गिऱ्हाईक यांच्यातील अविश्वासाची चर्चा आपण बहुधा नैतिकतेच्या भाषेत करतो. येथे तो अविश्वास पट्ट्याच्या स्वभावातून निर्माण झाला होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खाचदार लांब पट्टा आणि भेगांचे लोपणे

इंजिनाबाहेरच्या पट्ट्यातही दरम्यान क्रांती झाली. अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंग, वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर अशी यंत्रे वाढत गेल्याने इंजिनापुढे तीन-तीन व्ही-पट्टे दिसू लागले होते. १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये या सर्वांऐवजी सापासारखी वळणे घेत जाणारा, अंगभर उभ्या खाचा असलेला एकच लांब पट्टा आला, आणि त्याचा ताण स्प्रिंगच्या टेन्शनरने आपोआप राखला जाऊ लागला. अंगठ्याची परीक्षा येथे संपली. ताण आता मेकॅनिकने ठरवायचा नव्हता. टेन्शनरचा दर्शक त्याच्या खुणांमध्ये आहे की नाही एवढे पाहायचे होते. एक पट्टा तुटला की वीज, स्टिअरिंगची मदत आणि अनेक इंजिनांत पाण्याचा पंपही एकाच क्षणी थांबू लागला.

तरी डोळ्याला एक काम उरले होते. निओप्रीनच्या पट्ट्याला वयानुसार आडव्या भेगा पडत, आणि एका खाचेवर तीन इंचांत तीन भेगा दिसल्या की पट्टा बदलावा असा साधा हिशेब होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस पट्ट्यांसाठी ईपीडीएम या जातीचे रबर वापरात आले आणि हा हिशेबही निकामी झाला. हे रबर सहसा भेगाळत नाही. ते टायरासारखे हळूहळू झिजते, खाचा रुंद व खोल होतात, पट्टा पुलीच्या तळाला टेकू लागतो आणि घसरतो. पाहणाऱ्याला मात्र तो नव्यासारखा काळाभोर दिसतो. म्हणून पट्टे बनवणाऱ्यांनी खाचेत बसवून पाहण्याची प्लॅस्टिकची छोटी मापपट्टी वाटायला सुरुवात केली. भेगा नाहीत म्हणून पट्टा ठीक आहे, असे सांगणारा जाणता मेकॅनिक येथे आपल्या अनुभवामुळेच चुकतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासात कौशल्य कालबाह्य होण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत; पण खरे असलेले ज्ञान, वस्तूचे नाव व रूप तेच राहून, केवळ आतला पदार्थ बदलल्यामुळे खोटे व्हावे, असे उदाहरण क्वचितच इतके स्पष्ट सापडते.

तेलातील पट्टा

एकविसाव्या शतकात काही कारखानदार साखळीकडे परतले. २००३ साली आलेले आणि पुढे रांजणगाव येथेही बनलेले फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन साखळीचेच होते. मारुतीच्या के मालिकेतील इंजिनांतही साखळी आली. दुसऱ्या काहींनी घर्षण कमी करण्यासाठी दातेरी पट्टा इंजिनाच्या तेलातच चालवला. फोर्डचे २०१२ चे १.० लिटरचे आणि प्यूजो-सिट्रोएनचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे होत. पट्ट्याचा जुना शत्रू तेल. त्यालाच येथे त्याचे घर केले. अयोग्य तेल वापरले, किंवा वेळेवर बदलले नाही, किंवा त्यात पेट्रोल मिसळत गेले, तर पट्टा फुगतो, त्याचे कण सुटतात आणि तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतात. मग गाडी थांबते ती बहुधा पट्टा तुटल्याने नव्हे, तर तेलाचा दाब पडल्याने. आणि ब्रेकच्या निर्वात पंपापर्यंत तेल पोहोचले नाही तर ब्रेकचे पायडल कठीण होते. म्हणजे दोष पट्ट्यात असतो आणि तक्रार ब्रेकची येते.

या पट्ट्याच्या तपासणीसाठी जे साधन दिले गेले ते पाहण्याजोगे आहे. इंजिनात तेल ओतण्याचे झाकण उघडायचे, आत दिसणाऱ्या पट्ट्याच्या तुकड्यावर एक फट असलेली पट्टी बसवायची, आणि फुगलेला पट्टा त्या फटीत मावतो की नाही हे पाहायचे. मावला नाही तर तो बदलायचा. त्या भोकातून पट्ट्याचा जेवढा भाग दिसतो तेवढाच तपासता येतो; उरलेला पाहण्यासाठी इंजिन हळूहळू हाताने फिरवावे लागते. टॉर्च आणि काळवंडलेले बोट घेऊन मेकॅनिक पुन्हा एकदा वाकून उभा राहतो.